छोट्या इंजिनाची बोगी

गाडीला गर्दी झाली की आपण म्हणतो, 'आणखी एक बोगी जोडायला हवी होती.' वास्तविक आपल्याला म्हणायचे असते डबा. बोगी म्हणजे डब्याखालचा किंवा इंजिनाखालचा, चाके, आस आणि स्प्रिंगा धरून ठेवणारा व वळणावर स्वतंत्रपणे वळणारा सांगाडा.

डिझेल इंजिनात तर सारे बळ बोगीतच उतरते. डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन घ्या. १९६२ साली ते अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आले आणि १९६४ पासून वाराणसीला तयार होऊ लागले. त्याला तीन-तीन आसांच्या दोन बोग्या, आणि प्रत्येक आसाला वेगळी विजेची मोटर. (डिझेल फक्त जनित्र फिरवते, चाके वीजच फिरवते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) बोगीतील आसांमधली दोन अंतरे सारखी नाहीत. बाजारातली तयार छोटी बोगी बहुधा समान अंतराची असते, म्हणून ती याला चालत नाही.

मोठी अडचण पुढेच आहे. 'एचओ' या प्रमाणात वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची करतात. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर मार्गासाठी आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ ने भागा, १९.२६ येतात. पावणेतीन मिलिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण समोरून पाहिले की धिप्पाड माणूस पाय जुळवून उभा आहे असे ते इंजिन दिसते. आयर्लंडचा मार्गही रुंद, १६०० मिलिमीटरचा. तिथले काटेकोर हौशी लोक फुटाला चार मिलिमीटर धरून २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात. आपल्यालाही तोच मार्ग आहे. शिवाय रुंदीचा एक फायदा असा की चाकांच्या मध्ये मोटरीला जागा जास्त मिळते.

बोगीच्या बाजू पितळी पत्र्याच्या कापून डाख देऊन जोडायच्या. तिन्ही आस घट्ट बसवले तर रुळाच्या जराशा उंचवट्यावर एखादे चाक अधांतरी राहते. चाक उचलले की ओढ गेली, आणि वीजही गेली, कारण १२ व्होल्टचा प्रवाह रुळातून चाकावाटेच येतो. म्हणून मधल्या आसाला अर्धा मिलिमीटर वरखाली हलू द्यावे, आणि विजेसाठी चाकांना फॉस्फर ब्राँझच्या बारीक तारा टेकवाव्यात. प्रत्येक आसाची एका बाजूची चाके आसापासून विजेच्या दृष्टीने अलग हवीत, नाहीतर शॉर्ट होईल.

गिअरचा हिशेब आम्हां वाणिज्यवाल्यांनाही जमण्यासारखा आहे. मूळ चाक १०९२ मिलिमीटरचे, म्हणजे छोटे साडेबाराचे; एका फेऱ्यात ते सुमारे ३९ मिलिमीटर जाते. एका आट्याचा वर्म आणि तीस दात्यांचे चाक घेतले, तर मोटरीचे मिनिटाला १२,००० फेरे चाकाला ४०० मिळतात. प्रमाणात तो वेग ताशी ८२ किलोमीटर होतो.

सुर्ल्याला रेल्वे नाही. आमचे खनिज ट्रकने आणि बार्जीने गेले. पण कुळे ते कॅसलरॉक या घाटात, सदतिसास एक चढावर, मागून गाडी ढकलणारी डिझेल इंजिने वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. डिझेलचा तो आवाज आता दुर्मिळ होत चालला आहे. तेव्हा मोजमापे आणि छायाचित्रे घ्यायची ती आताच.

इंजिनाचे अंग करण्याची मात्र घाई नको. आधी नुसती बोगी वजन ठेवून फळीवरच्या रुळावर चालवावी. ताशी २५ किलोमीटरने घाट चढणारी गाडी टेबलावर सेकंदाला फक्त ८ सेंटिमीटर सरकते. त्या वेगाने ती न अडखळता गेली, तरच वरचे काम हाती घ्यावे.