प्रद्युम्न साहेबांची एक्झिट

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सोनी वाहिनीने समाजमाध्यमांवर श्रद्धांजली वाहिली ती एसीपी प्रद्युम्न यांना. चेहरा, आदरांजलीचे शब्द आणि १९९८ ते २०२५ असा कालखंड. 'सीआयडी'च्या नव्या पर्वात बार्बोसा नावाच्या खलनायकाने (तिग्मांशू धुलिया) घडवलेल्या स्फोटात साहेब मारले गेले होते. अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-चार घरं पुढे गेली की तिचा मधला भाग गळतो. मग पात्र गेलं की ते साकारणारे शिवाजी साटम गेले, हे विचारायला मुंबईला फोन लावावा लागतो. साटम मात्र ठणठणीत होते. आपण काही काळ सुट्टीवर आहोत, मालिकेत पुढे काय ते निर्मात्यांना ठाऊक, अशा अर्थाचं त्यांनी वार्ताहरांना सांगून टाकलं.

जाहिरात म्हणून ही युक्ती चोख होती, पण मला ती आवडली नाही. पंचाहत्तरीला टेकलेल्या नटाच्या फोटोखाली साल घालताना हात जरा अडखळायला हवा होता.

या माणसाचा आणि त्या पात्राचा सांधा इतका घट्ट बसला कसा, हे रत्नागिरीकराला समजायला अवघड नाही. साटम माहीमचे, सेंट्रल बँकेत कॅशियर. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरींनी त्यांना हेरलं आणि 'संगीत वरद'मधून ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. आमच्याकडे राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सावरकर नाट्यगृहात होते तेव्हा मंचावर असलीच माणसं असतात: दिवसभर बँकेत, शाळेत नाहीतर कचेरीत बसून संध्याकाळी तालमीला धावणारी. प्रद्युम्न साहेब त्यांच्यातलेच वाटायचे. देखणेपणा नाही, मारामारी बेताची, चेहऱ्यावर कायम फाइल तुंबल्याची चिंता. 'कुछ तो गडबड है' म्हणत हवेत फिरणारी ती बोटं गावोगावच्या पोरांनी उचलली.

त्याआधीही साटम पोलीस झाले होते. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका लागायची, पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेली. ती केली होती बी. पी. सिंग यांनी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून दूरदर्शनच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवलेला हा गृहस्थ मुंबईच्या गुन्हे शाखेतल्या अधिकाऱ्यांमध्ये ऊठबस करून होता. जानेवारी १९९८ मध्ये त्यांचीच 'सीआयडी' सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग चालली. म्हणजे हिंदीत देशभर गाजलेल्या या मालिकेची नाळ मराठी आहे. पुढे पुढे प्रयोगशाळेतले चमत्कार वाढले, खुनाच्या तऱ्हा अचाट झाल्या, हे खरं. पण चार माणसं एका प्रेताभोवती उभी राहून डोकं चालवताहेत, हा साचा शेवटपर्यंत टिकला.

८ ऑक्टोबर २००४ रोजी लोणावळ्यात या मंडळींनी १११ मिनिटांचा भाग एकही कट न घेता चित्रित केला. शंभराव्या मिनिटाला कुणी वाक्य चुकला असता तर पुन्हा पहिल्यापासून. असं काम मालिकेतले नट करत नाहीत, नाटक मंडळी करते.

आणि तरीही या मंडळीतून माणसं सतत जात होती. सुरुवातीच्या काळातला इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणजे आशुतोष गोवारीकर; ते गेले आणि 'लगान' घेऊन आले. इन्स्पेक्टर विवेक झालेला विवेक मश्रू बंगळूरला जाऊन शिक्षणक्षेत्रात रमला. बहुतेकांच्या जाण्याचा प्रेक्षकांनी फारसा बाऊ केला नाही. पोलीस खात्यात माणूस एक दिवस दिसेनासा होतो, बदली झाली असेल, म्हणून आपण पुढचा भाग बघायला बसतो.

साहेबांच्या बाबतीत हे चालणार नव्हतं. त्यांच्या खुर्चीत पार्थ समथान याला एसीपी आयुष्मान म्हणून बसवलं. त्याने मन लावून काम केलं, पण प्रेक्षकांची नाराजी काही लपली नाही. काही आठवड्यांतच साटम परतणार, अशा बातम्या आल्या आणि प्रद्युम्न साहेब स्फोटातून जिवंत निघाले. गुन्हेकथेत मेलेला माणूस परत आणण्याची वाट जुनीच आहे. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं आणि १९०३ मध्ये मुकाट परत आणलं. इंग्लंडच्या 'मिडसमर मर्डर्स'ने दुसरी तोड काढली: २०११ मध्ये जॉन नेटल्स यांचा टॉम बार्नबी निवृत्त झाला आणि त्याच हुद्द्यावर त्याचा चुलतभाऊ जॉन बार्नबी रुजू झाला. आडनाव तेच, पाटी बदलायला नको! स्कॉटलंडच्या 'टॅगार्ट'चा नायक मार्क मॅकमॅनस १९९४ मध्ये वारला, तरी टॅगार्टशिवाय 'टॅगार्ट' २०१० पर्यंत चालली.

आपल्या शेजारी, १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या सिंधुदुर्गात, आकेरीच्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले'ने तर उलटी गंगा वाहवली. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. २०१९ मध्ये मालिका त्यांच्या हयातीच्या काळात मागे गेली आणि माधव अभ्यंकरांनी त्या पाताळयंत्री म्हाताऱ्याला असा काही उभा केला की तिसऱ्या पर्वात भूत करून का होईना, पण त्याला आणावंच लागलं.

आमच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, नट बदलण्याचा हा पेच येत नाही. संकासुराचा काळा अंगरखा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेची घुंगरं. आत या शिमग्याला कोण नाचतोय हे वाडीला ठाऊक असतं, पण बघणारे संकासुरच बघतात. नाचणारा थकला की पुतण्या टोपी घालतो. दूरचित्रवाणीचा कॅमेरा मात्र मुखवट्यावर थांबत नाही, तो सुरकुत्यांपर्यंत जातो. वीस वर्षं आपण साटमांचे केस पिकताना पाहिले. ते पिकलेले केस दुसऱ्याला कसे चढवणार?

म्हणूनच दिनेश फडणीस यांच्या जाण्यावर मालिकेकडे काहीच तोड नव्हती. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स, बायकोला घाबरणारा आणि प्रेत बघून दचकणारा. फडणीसांनी काही भागांचं लेखनही केलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, मुंबईतल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. यकृताला इजा झाली होती. त्या दिवसांत प्रकृतीची खबर देत होते 'दया' म्हणजे दयानंद शेट्टी. वर्षभराने, २१ डिसेंबर २०२४ ला, 'सीआयडी' पुन्हा सुरू झाली. साटम आले, आदित्य श्रीवास्तवचा अभिजीत आला, दयाने दरवाजेही तोडले. फ्रेडरिक्स म्हणून दुसरा नट उभा करण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. लेखकांना त्याच्या मृत्यूचा प्रसंग रचावा लागला नव्हता, आणि त्याला परत आणणारा प्रसंग रचता येणार नव्हता.