जुन्या संगणकाची वेगवाढ : केवळ क्रिस्टल बदलून का भागत नाही?

या लेखांकात ७८०५ रेग्युलेटरच्या उष्णतेचा विचार व्हायचा होता. परंतु पोलादपूरच्या एका वाचकाचा प्रश्न ओव्हरक्लॉकिंगच्या मुळालाच हात घालणारा असल्यामुळे तो विषय आठवडाभर पुढे ढकलणे योग्य ठरते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्याने भारतात आणलेल्या स्पेक्ट्रम प्लस या संगणकामधील १४ मेगाहर्ट्झचा, ठोके देणारा क्रिस्टल काढून २८ चा बसवला, तर काम भागणार नाही का, असे त्यांनी विचारले आहे.

भागणार नाही, कारण तो क्रिस्टल एकट्या प्रोसेसरचा नाही. यूएलए नावाची चिप त्याच ठोक्यांना चारने भागून झेड-८० प्रोसेसरला ३.५ मेगाहर्ट्झ पुरवते आणि दोनने भागून पडद्यावरील ठिपके आखते. क्रिस्टल दुप्पट झाला की चित्राच्या रेषा सेकंदाला सुमारे १५,६०० ऐवजी ३१,२०० निघू लागतात, आणि साध्या टीव्हीला त्या पकडता येत नाहीत.

म्हणून यूएलएला मूळ ठोक्यावरच ठेवून प्रोसेसरच्या सहाव्या पायाला, म्हणजे त्याच्या क्लॉक पिनला, ७ मेगाहर्ट्झचा स्वतंत्र ठोका द्यावा लागतो. मात्र १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांवरील स्मृती यूएलए आणि प्रोसेसर वाटून घेतात व चित्र काढताना यूएलए प्रोसेसरचा ठोका रोखून धरते. त्यामुळे पत्त्याच्या ओळींपैकी ए१५ शून्य आणि ए१४ एक असताना, म्हणजे याच पत्त्यांवर, तसेच यूएलएच्या पोर्टशी व्यवहार होताना, हा स्वतंत्र ठोका देणाऱ्या जोडमंडलाने ३.५ वर परतणे आवश्यक ठरते. शिवाय ४ मेगाहर्ट्झपर्यंतच मान्यता असलेल्या झेड-८०एच्या जागी ८ मेगाहर्ट्झचा सीमॉस झेड-८० बसवावा आणि ठोक्याचा अवधी २८६ वरून १४३ नॅनोसेकंदांवर येत असल्याने रॉमही तितका चपळ आहे याची खात्री करावी.

या विषयातील सर्वांत रंजक भाग कॅसेटचा आहे. शून्याचा प्रत्येक स्पंद ८५५ आणि एकाचा १७१० टी-स्टेटचा, म्हणजे प्रोसेसरच्या तितक्या ठोक्यांचा असतो, आणि रॉममधील आज्ञावली फेऱ्या मोजून तो ओळखते. वेग दुप्पट झाला की शून्याचा स्पंद नेमका १७१० ठोक्यांचा भरतो, म्हणून यंत्र शून्याला एक समजते. जुनी कॅसेट वाचण्यासाठी मूळ वेगावर आणणारे बटण हवेच. दुप्पट वेगाने ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट मात्र त्याच वेगाने वाचता येते, फक्त फीत आणि टेपरेकॉर्डर चांगले असावे लागतात.

महाडमधील वाचकांना एक आग्रहाची विनंती आहे. जुलै २०२१ च्या पुरात भिजलेले यंत्र हाती असेल, तर वेगवाढीच्या आधी आयसी सॉकेटमधून काढून बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, पूर्ण सुकवावा आणि मूळ ३.५ मेगाहर्ट्झवर तो नीट चालतो हे पाहिल्याखेरीज सोल्डरिंग गन हाती घेऊ नये.