आई-बाप असल्याचा पुरावा

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मी नोकरी केली, आणि माझ्या टेबलासमोरची गर्दी माझ्या डोळ्यांदेखत बदलली. सुरुवातीला जन्माचा दाखला लागायचा तो पोराला शाळेत घालायला. मी निवृत्त होता होता साठी-सत्तरीची जोडपी येऊ लागली. त्यांना आपल्या चाळिशीतल्या मुलाचा दाखला हवा असायचा. मुलगा टोरांटोला किंवा डॅलसला स्थिरावलेला, आणि आपण त्याचे आई-वडील आहोत हे तिथल्या सरकारला कागदावर दाखवायचं असायचं. आता साताऱ्यात ज्येष्ठ नागरिक संघात बसून मी तशाच फायली चाळते. यंदा त्यांत आमचीही एक आहे. लेक मेलबर्नला आहे आणि मी व आमचे हे तिच्याकडे जायच्या तयारीत आहोत.

संघात येणारा प्रत्येक जण म्हणतो, "मुलाकडे जायचंय." मी आधी विचारते, जाऊन यायचंय, चार वर्षं राहायचंय, की कायमचंच? पुष्कळदा नवरा एक सांगतो आणि बायको दुसरं. हे आधी घरात ठरायला हवं, कारण या तिन्हींसाठी सरकारं वेगवेगळा पुरावा मागतात. भेटीच्या व्हिसाला तुम्ही परत येणार हे पटवावं लागतं: पेन्शन, घर, शेत, इथं राहणारी बाकीची लेकरं. अमेरिकेच्या कायद्यात २१४(ब) नावाचं कलम आहे. पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिथंच राहायला चाललाय असं ते गृहीत धरतं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी अर्जदारावर टाकतं. कायमच्या व्हिसाला नेमकं उलट. तिथं नातं सिद्ध करायचं आणि मुलगा तुमचा खर्च उचलू शकतो हे दाखवायचं. आमच्या ओळखीच्या एका काकू पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीत सहज बोलून गेल्या, "आता काय, मुलाजवळच राहायचं." त्यांना नकार मिळाला. बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, पण अर्ज भेटीचा होता.

देशागणिक दारं निराळी आहेत. अमेरिकेचा नागरिक असलेला आणि २१ वर्षं पूर्ण झालेला मुलगा आई-वडिलांसाठी आय-१३० हा अर्ज करू शकतो. आई-वडिलांच्या या वर्गाला वर्षाची संख्यामर्यादा नाही, त्यामुळे भावा-बहिणीच्या अर्जांसारखी लांबलचक रांग नसते. मात्र मुलगा नुसता ग्रीन कार्डवर असेल तर त्याला आई-वडिलांसाठी अर्जच करता येत नाही. आपल्याकडची गाठ इथं बसते. नोकरीच्या वर्गातल्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, आणि भारतातून गेलेल्यांची संख्या प्रचंड. मुलाला कार्ड मिळून तो नागरिक होईपर्यंत आई-वडील पंचाहत्तरीला टेकलेले असतात. कार्ड हाती आल्यावरही ६५ वर्षांवरच्या माणसाला तिथली मेडिकेअर विकत घ्यायला आधी सलग ५ वर्षं वास्तव्य लागतं. परवान्याशिवाय वर्षभराहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. "कार्ड जिवंत ठेवायला" दर सहा महिन्यांनी विमानात बसणारी, गुडघे धरलेली माणसं मी पाहते तेव्हा जीव कळवळतो. ज्यांना खरोखर तिथं राहायचंय त्यांनीच ते कार्ड घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांना १० वर्षांचा पर्यटक व्हिसा पुरतो. एका खेपेला किती राहायचं हे उतरताना तिथला अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने देतो.

कॅनडाची कायमची योजना सोडतीवर चालत आली. २०२० साली ज्या मुलांनी नावं नोंदवली त्याच यादीतून पुढची कित्येक वर्षं आमंत्रणं निघत राहिली. त्यानंतर कॅनडात स्थिरावलेल्यांना नाव घालायलाही जागा मिळाली नाही. म्हणून तिथं जाणारे बहुतेक जण सुपर व्हिसा घेतात. त्यावर २०२२ पासून एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं. अटी दोन महत्त्वाच्या: मुलाचं उत्पन्न ठरलेल्या पातळीवर हवं, आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा हवा. ब्रिटनचं दार २०१२ मध्ये जवळजवळ लागलं. अंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टींनाही तुम्हाला माणूस लागतो, आणि तशी काळजी मायदेशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. घरकामाला बाई आणि आजारपणात आया मिळते अशा आपल्या शहरांतून हे सिद्ध करणं फार कठीण. धडधाकट आई-वडिलांनी तो अर्ज करण्यात पैसे घालवू नयेत, सहा महिन्यांच्या भेटीचा व्हिसा घ्यावा. जर्मनीनं १ मार्च २०२४ पासून नव्यानं परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडील आणायची मुभा दिली, पण म्हाताऱ्या माणसाचा आरोग्य विमा मिळवताना मुलं टेकीला येतात.

ऑस्ट्रेलियाचं मी बारकाईनं वाचलं, कारण ते आमच्या घरातलं होतं. तिथं कायमच्या व्हिसाला मुलांची मोजणी होते. किमान निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची असावी लागतात, नाहीतर इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथं जास्त असावी लागतात. आमची लेक मेलबर्नला आणि मुलगा पुण्याला, म्हणजे निम्मी. आम्ही बसतो. शेजारच्या वहिनींची तीन मुलं: एक सिडनीला, एक टेक्सासला, एक पुण्याला. त्या बसत नाहीत. आईला सर्वांत जास्त गरज कोणाची, किंवा कोणत्या मुलाला आईची, हे त्या मोजणीत कुठंच येत नाही. वहिनींना हे समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं.

आणि बसलं तरी काय? १०३ क्रमांकाच्या साध्या व्हिसाला ३० वर्षांहून जास्त थांबावं लागेल असं तिथलं गृह खातंच सांगतं. १४३ क्रमांकाचा पैसे भरून घ्यायचा. त्याचा दुसरा हप्ता माणशी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि वाट तरीही १२ वर्षांहून जास्त. सत्तरीच्या माणसाला ३० वर्षांची रांग दाखवणं म्हणजे नाही म्हणणंच. मग स्पष्ट नाही म्हणावं, असं मला वाटतं; माणसं आशेवर आयुष्य अडकवून ठेवतात.

आम्ही ८७० क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा निवडला. तो २०१९ साली आला. त्याला मुलांची मोजणी नाही. ३ किंवा ५ वर्षांचा मिळतो, सगळा मिळून १० वर्षांपर्यंत. सुरू झाला तेव्हा ३ वर्षांना ५ हजार आणि ५ वर्षांना १० हजार डॉलर शुल्क होतं, नंतर वाढत गेलं. आधी लेकीनं स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची, मगच आपला अर्ज. नोकरी करता येत नाही, आरोग्य विमा आपला आपण काढायचा. वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच होते, आपल्या घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही.

आता कागदांकडे येते. नियम परदेशातले असले तरी अर्ज रखडतो तो बहुधा आपल्याच कपाटातल्या कागदांवर, आणि त्यातही बायकांच्या नावावर. माझ्या पिढीत पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. जन्माची नोंद जन्म जिथं झाला तिथंच होते, म्हणजे ती माहेरच्या गावी. दवाखान्यात नाव सांगायला आमचे वडील नाहीतर भाऊ, ते सवयीनं माहेरचं नाव सांगायचे. लग्नात नवऱ्यानं नाव बदललेलं असेल तर आडनाव, मधलं नाव आणि पहिलं नावही निराळं. पासपोर्टवर सुनीता, मुलीच्या दाखल्यावर शकुंतला. परदेशातल्या अधिकाऱ्याला त्या दोन बाया दिसतात. वर नोंद बारशाच्या आधीच झालेली, म्हणून बाळाच्या नावाची जागा कोरी. नाव नंतर घालायला कायद्यानं १५ वर्षांची मुदत होती, आणि राज्य शासनानं वेळोवेळी ती वाढवून दिली, तरी हजारो नोंदी नावाविना राहिल्या. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचं नाव लावणं बंधनकारक झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या बाळांच्या आयांना आमच्यासारखी धावपळ करावी लागणार नाही.

माझ्याही लेकीच्या नोंदीत माझं माहेरचं नाव आहे. दोन नावांना जोडणारा सर्वांत भक्कम कागद म्हणजे लग्नाचा दाखला. आमच्या वेळी लग्न नोंदवायचं कोणाच्या डोक्यातही नसे, पण महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली जुनं लग्नही नोंदवता येतं. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन आम्ही दोघं गेलो. माझ्या नणंदेनं सही करताना तारीख न बघता सांगितली. अमेरिकेला जाणाऱ्यांना तर वडिलांचं नातं दाखवायलाही आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला लागतो, आईसाठी मुलाचा जन्मदाखला पुरतो.

आई-वडिलांच्या स्वतःच्या जन्माचं काय? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीही नोंदी होत, पण विखुरलेल्या. खेड्यातला जन्म असेल तर तहसील कार्यालयात कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ शोधावा. जुनी नोंद मोडीत निघाली तर मोडी वाचणारा गाठावा. नोंद सापडलीच नाही तर ती नसल्याचा दाखला मिळतो, नमुना १०. तो आणि शाळा सोडल्याचा दाखला एकत्र जोडायचा. आता शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असणार, हे मी फाईल उघडण्याआधी सांगते. पोराला पहिलीत घालताना मास्तरांनी वय बसवून तीच तारीख लिहायची, ही सगळ्या महाराष्ट्राची रीत होती. नोंदवहीत खरी तारीख वेगळी सापडली तर घाबरू नका. पासपोर्टवर आहे ती तारीख धरून राहा, फरक का पडला ते प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा.

एवढं एक कळकळीनं सांगते, कोणी एजंट "दाखला करून देतो" म्हणाला तर उठून या. खोटा कागद सापडला तर ऑस्ट्रेलिया ३ वर्षं, कॅनडा ५ वर्षं, ब्रिटन १० वर्षं दार बंद करू शकतं, आणि अमेरिकेत खोटेपणाचा ठपका जन्मभर राहतो. सत्तरीत ३ वर्षं गमावणं म्हणजे काय, हे एजंटाला कळणार नाही. दुसरं म्हणजे, अर्ज मुलगा तिकडून भरत असला तरी सही करण्याआधी शेवटच्या पानापर्यंत वाचा, इंग्रजी येत नसेल तर नातवाला वाचून दाखवायला सांगा. आजार, पूर्वीचा नकार, दुसऱ्या मुलांची माहिती, सगळं तुमच्या नावानं लिहिलेलं असतं आणि उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

लेकीची मंजुरी आली आहे. पोलिसांचा दाखला आम्ही पासपोर्ट सेवा केंद्रातून काढला, तपासणी बाकी आहे. ५ वर्षांचा घेऊ असं लेक म्हणत होती, आम्ही ३ वर्षांचाच मागतोय. यांची शेती आहे, पुण्याला मुलगा-सून आहेत, आणि इतकी वर्षं आम्ही कुठल्याच एका लेकराकडे राहिलेलो नाही. राहून बघू. पुढचा ८७० मागायचा तर आधी किमान ९० दिवस ऑस्ट्रेलियाबाहेर काढावे लागतात. ते दिवस दिवाळीला आणि नोव्हेंबरला धरून साताऱ्यात घालवायचे असं आमचं ठरलंय. त्यात बँकेत हयातीचा दाखला देता येईल, शेताचे हिशेब होतील, आणि वहिनींच्या सिडनीच्या मुलानं ८७० साठी स्पॉन्सर व्हायचं ठरवलंय, त्यांचीही फाईल मला लावून द्यायची आहे.