जुना रिसिव्हर की नवा? खाऱ्या वाऱ्यातला हिशेब

मुंबईच्या खारदांड्यात समुद्राकाठी राहून स्टिरिओ रिसिव्हर घ्यायचा, तर आवाजाच्या आधी हवेचा विचार करावा. ज्या वाऱ्यात बोंबील सुकतात त्याच वाऱ्यातलं मीठ खिडकीतून आत येतं आणि यंत्राच्या जाळीतून सर्किटवर बसतं. पावसाळ्यात त्याला ओल मिळाली की तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट थर चढतो. ‘जुनं ते दणकट’ असं सगळेच म्हणतात, पण दणकट नेमकं काय हे पाहायला हवं.

१९७०च्या दशकातल्या मरांट्झ, पायोनियर, सान्सुईच्या रिसिव्हरचा ट्रान्सफॉर्मर आणि पत्रा आजही शाबूत सापडतो. म्हातारे होतात ते आतले कंडेन्सर. त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. शिवाय व्हॉल्यूमचं बटण, स्विच आणि स्पीकर जोडणारा रिले यांच्या संपर्कांवर मळ-गंज धरतो. मग खरखर येते, एक बाजू मधूनच गप्प होते. हा आजार बहुतेक वेळा साफसफाईने बरा होतो. पण १९७०च्या अखेरीस आणि पुढे अनेक संचांत सान्योचे ‘एसटीके’ मालिकेतले आउटपुट आयसी बसवले गेले. ते आता बनत नाहीत आणि बाजारात नकली फार. असा संच घेताना आयसी मूळचा आहे का, हे कारागिराकडून पाहून घ्याच.

दुसरा मोठा गैरसमज ‘बाहेरचा माल’ या शब्दांत आहे. १९९१ पूर्वी आयात अवघड होती, त्यामुळे बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्या काका-मामांनी आणलेली ‘म्युझिक सिस्टिम’ ही अनेक मुंबईकर घरांची शान होती. त्यांतल्या बऱ्याच संचांच्या पाठीवर व्होल्टेज बदलायचा खटका असतो. तो २२० किंवा २४० वर असला की काळजी नाही. चोरबाजारात मात्र खास जपानी बाजारासाठी बनलेले संचही दिसू शकतात. ते १०० व्होल्टवर चालतात. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावले तर जळतील. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने हे निभावतं, पण रेडिओचं काय? जुन्या जपानी संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. रेडिओ सिटी ९१.१, मिर्ची ९८.३, आकाशवाणीचं रेनबो १०७.१: यांतलं एकही लागणार नाही. डायलवरचे आकडे वाचायला एक क्षण पुरतो, तेवढा काढा.

‘जास्त वॉट म्हणजे जास्त आवाज’ ही समजूत तर दुकानदारांनीच जोपासली. खोक्यांवर हजारोंत छापलेला पीएमपीओ हा आकडा विसरून जा. त्यामागे कुठलं ठरलेलं मोजमाप नाही. उलट अमेरिकेत १९७४पासून सलग देता येणारे वॉट जाहीर करण्याचा नियम आला, म्हणून त्यानंतरच्या जुन्या रिसिव्हरचे छोटे आकडे विश्वासाचे. ३० वॉटचा जुना आणि १०० वॉटचा नवा यांत फरक साधारण ५ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला १० लागतात. आणि १० बाय १२च्या खोलीत नेहमीच्या ऐकण्याला दोन-तीन वॉटही पुष्कळ होतात. शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत असताना याहून जास्त हवं तरी कशाला?

जुन्याचा आवाज ‘गोड’ असतो, असंही ऐकू येतं. त्या काळचे चांगले ट्रान्झिस्टर रिसिव्हर मूळ ध्वनीत फारसा बदल करत नसत. बरीचशी गोडी ‘लाउडनेस’ बटणाची: कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तो हे बटण भरून काढतं. उरलेली गोडी स्पीकरची. म्हणूनच माझं ठाम मत आहे की बजेटचा मोठा वाटा स्पीकरवर जावा.

नव्यात सगळं असतं, हेही खरं नाही. यामाहाच्या आर-एस२०२मध्ये ब्लूटूथ आहे, रेडिओ आहे, पण फोनो जोडणी नाही. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. तो वाढवणारं सर्किट जुन्या रिसिव्हरमध्ये हमखास असे. घरात एचएमव्हीच्या तबकड्या असतील तर नव्या संचाबरोबर या सर्किटचा वेगळा खर्च धरा. उलट, जुन्या रिसिव्हरवर मोबाइल वाजत नाही असं नाही: ऑक्सला छोटा ब्लूटूथ रिसिव्हर जोडला की काम झालं.

घरात काकांचा संच पडून असेल तर आधी तोच दुरुस्त करा. तो नसेल आणि ओळखीचा कारागीरही नसेल, तर वॉरंटीचा नवा घ्या. मोडीतला स्वस्त संच दुरुस्तीअंती नव्याच्या भावाला जातो. जुना घेणारच असाल तर तासभर चालू ठेवून ऐका, प्रत्येक बटण फिरवा आणि गाणं बंद करून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावायला सांगा. डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. त्याहून बराच वर गेला तर तो संच तुमचे स्पीकर जाळू शकतो, मग भाव कितीही उतरवून मिळो.