बालदमा : समज, गैरसमज आणि आपली जबाबदारी

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या स्मरणात पहाटेचे काही आवाज कायमचे घर करून असतात. वंदनेची घंटा, नळाखाली लागलेल्या बादल्या, आणि अंधारात एखाद्या खाटेवरून येणारा, थांबता न थांबणारा खोकला. आमच्या खोलीतही असा एक मित्र होता. डिसेंबरच्या थंडीत पहाटे तीन-चारच्या सुमारास तो उठून बसे, हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुके आणि त्याच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येई. सकाळी मात्र तो आमच्याप्रमाणेच हसतखेळत असे. त्यामुळे कवायतीत धावता धावता तो थांबला की त्याला आळशी ठरवले जाई. त्याला दमा आहे, हे पुष्कळ वर्षे कोणालाच कळले नाही, त्यालाही नाही.

पुढे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि लहान मुलांचे आजार हेच माझे क्षेत्र झाले. स्मरणिकेसाठी लेख लिहावा असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

दमा म्हणजे नेमके काय?

आपण घेतलेला श्वास फुप्फुसांत पोहोचतो तो झाडाच्या फांद्यांप्रमाणे बारीक बारीक होत जाणाऱ्या नळ्यांतून. दमा असलेल्या मुलाच्या या नळ्यांना आतून सूज असते आणि त्या अतिसंवेदनशील झालेल्या असतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा विषाणू असे काही निमित्त मिळाले की तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर अधिक सुजते आणि चिकट कफ साचतो. नळीची रुंदी निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होतो. मुलांच्या नळ्या मुळातच अरुंद असतात. म्हणून मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारी सूज मुलाला बेजार करते.

येथे एक गोष्ट मनावर बिंबवून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. धाप लागणे म्हणजे संपूर्ण दमा नव्हे. तो दम्याचा दिसणारा भाग आहे. धाप ओसरल्यावर मूल खेळू लागते, पण नळ्यांची सूज शांतपणे तशीच राहते. आपण दिसणाऱ्या भागावर धावपळ करतो आणि न दिसणाऱ्या भागाकडे दुर्लक्ष करतो.

निदान का हुकते?

वारंवार खोकला, विशेषतः रात्री व पहाटे, धावल्यावर, हसल्यावर किंवा रडल्यावर येणारा खोकला, छातीतली घरघर, प्रत्येक सर्दी छातीत उतरणे, घरात कोणाला दमा, इसब किंवा सततच्या शिंका असणे. ही लक्षणे एकत्र दिसली तर दम्याचा विचार व्हायलाच हवा. साधारण सहा वर्षांपुढील मुलांना नळीत जोराने फुंकायला लावून स्पायरोमेट्री ही चाचणी करता येते. अर्थात, प्रत्येक घरघर दम्याचीच असते असे नाही. खेळता खेळता शेंगदाणा श्वासनलिकेत अडकला तरी घरघर होते. वजन घटणे, सतत ताप असणे ही लक्षणे असतील तर क्षयरोगाची तपासणी आवश्यक ठरते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

पण अडचण बहुधा वेगळीच असते. 'दमा' हा शब्द पालकांना नको असतो. मग त्याला 'अ‍ॅलर्जीचा खोकला', 'ब्राँकायटिस', 'छाती भरणे' अशी सौम्य नावे मिळतात. कधी 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' म्हणून क्षयरोगाची औषधे महिनोन्‌महिने दिली जातात. मुलगी असेल तर लग्नाच्या चिंतेने आजार लपवला जातो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'च्या भारतातील अभ्यासात, ज्यांना घरघरीचा त्रास होता त्यांपैकी सुमारे ८२ टक्के व्यक्तींचे दम्याचे निदानच झालेले नव्हते. जगातील एकूण दमा रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत; दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक आपल्या देशात होतात. आजार तोच आहे, औषधेही उपलब्ध आहेत. मग हा फरक कोठून आला? तो बव्हंशी निदान आणि नियमित उपचार यांच्या अभावातून आला आहे.

नागपूरचे ऋतू आणि दम्याची निमित्ते

प्रत्येक मुलाचे निमित्त वेगळे असते. तरी आपल्या शहराचे वर्ष डोळ्यांसमोर आणले, तर काही गोष्टी सहज लक्षात येतील.

उन्हाळ्यात नागपूरला कूलरशिवाय गत्यंतर नाही. पण गतवर्षीच्या खसताट्या आणि तळाशी साचलेला गाळ तसाच ठेवून एप्रिलमध्ये कूलर सुरू केला, की बुरशी आणि धूळ थेट झोपलेल्या मुलाच्या तोंडावर येते. ताट्या दर हंगामाला बदलाव्यात, टाकी वरचेवर धुवावी आणि कूलरचा झोत अंगावर घेऊ नये. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास पाऊस स्थिरावतो आणि शेकडो मुले वसतिगृहात एकत्र येतात. एकाची सर्दी आठवडाभरात साऱ्या खोलीची होते, आणि मुलांमधील दमा उफाळण्याचे सर्वांत मोठे कारण सर्दीचे विषाणू हेच आहे. पाश्चात्त्य देशांतही सुट्टीनंतर सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की दम्याने रुग्णालयात येणारी मुले वाढतात, हे तेथील डॉक्टरांनी नोंदवले आहे. सुट्टीत बंद केलेले औषध शाळा उघडण्याआधी पुन्हा सुरू झालेले असावे, ते याचसाठी.

पावसानंतर मोकळ्या जागांवर गाजरगवत फुलते. दिवाळीत फटाक्यांचा धूर असतो. थंडीत पेटीतल्या गोधड्या आणि ब्लँकेटे बाहेर निघतात, आणि त्यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतील किडे असतात. अंथरूण-पांघरूण कडक उन्हात टाकणे आणि गरम पाण्याने धुणे हा यावरचा स्वस्त उपाय. शहराच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे आहेत. तेथील धूर आणि राख एका कुटुंबाच्या आवाक्यातला प्रश्न नव्हे. मात्र घरातील चूल, बिडी-सिगारेट आणि डास पळवणारी कॉइल आपल्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगतो. वंदनेच्या सभागृहात आपण अगरबत्ती लावतो. बंद सभागृहात तिचा धूर कोंडला की संवेदनशील मुलाला त्रास होऊ शकतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, अगरबत्ती बाहेर लावावी किंवा केवळ फुले अर्पण करावीत. यात श्रद्धेला बाधा नाही आणि मुलाचा श्वास मोकळा राहतो.

आहाराविषयी मात्र विनाकारण भीती आहे. केळी, दही, एवढेच नव्हे तर नागपुरात राहून संत्रीसुद्धा मुलांना वर्ज्य केली जातात. अन्नामुळे दमा उफाळणे ही तुलनेने क्वचित घडणारी गोष्ट आहे. एखाद्या पदार्थाने त्रास होतो असे वारंवार दिसले तरच तो टाळावा. वाढत्या वयातील मुलाचे पोषण अशा पथ्यांनी तोडू नये.

पंपाची भीती

"डॉक्टर, पंप नको, सवय लागेल." हे वाक्य मी जितके ऐकले असेल, तितके दुसरे क्वचितच. पंपाचा इतिहासच या भीतीला उत्तर देतो. १९५५ साली अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमा असलेल्या मुलीने वडिलांना विचारले, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही? त्या प्रश्नातून मोजून मात्रा देणारा पहिला पंप तयार झाला आणि १९५६ मध्ये बाजारात आला. जे वर्ष दीक्षाभूमीमुळे आपल्यासाठी इतिहासाचे वळण ठरले, तेच हे वर्ष.

आता हिशेब पाहू. साल्ब्युटामॉल या औषधाच्या पंपातून एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध मिळते. त्याच औषधाच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, साधारणतः २ मिलिग्रॅम असते. म्हणजे एक चमचा सिरप हे वीस फवाऱ्यांइतके होते, आणि ते पोटातून सर्व शरीरभर फिरून मग छातीत पोहोचते. आपण ज्याला 'कडक' म्हणतो तो पंप अल्प मात्रेत, नेमक्या जागी औषध पोहोचवतो.

पंप दोन प्रकारचे असतात. एक आवळलेले स्नायू सैल करून काही मिनिटांत आराम देणारा. दुसरा प्रतिबंधक, अल्प मात्रेच्या स्टेरॉइडचा, जो नळ्यांची सूज हळूहळू उतरवतो. या दुसऱ्या पंपाने लगेच काही जाणवत नाही, म्हणून तो सोडला जातो. आणि पहिल्याने चटकन बरे वाटते, म्हणून त्याच्यावरच भिस्त ठेवली जाते. दम्याच्या उपचारांबाबत जगभरातील डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे, की मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढील मुलांना केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये. प्रतिबंधक औषध मूल बरे दिसते त्या दिवसांतच घ्यायचे असते. ते कमी करायचे की थांबवायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे.

स्टेरॉइडचे दुष्परिणाम नाहीतच असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत एक हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात, लहानपणी रोज असे औषध घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी आढळली. एका पारड्यात हे एक-सव्वा सेंटीमीटर आणि दुसऱ्यात रात्रीची झोप, शाळेची उपस्थिती आणि जिवाचा धोका. निवड अवघड नाही. औषध घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी येत नाही.

लहान मुलांनी पंप स्पेसर लावूनच घ्यावा. नाहीतर बरेचसे औषध घशातच राहते. स्पेसर परवडत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढे छिद्र पाडून, फट नीट बंद करून बनवलेला स्पेसरही विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो. तो कसा करायचा हे आपल्या डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्यावे.

आपल्या समाजाने अंधश्रद्धेकडे पाठ फिरवली. तरीही मृग नक्षत्राच्या प्रारंभी हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडातून दिले जाणारे औषध गिळण्यासाठी आणि कोजागिरीच्या खिरीतील औषधासाठी रांगा लागतात. या उपायांची उपयुक्तता शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेली नाही. खरा धोका हा, की त्या भरवशावर चालू औषध बंद केले जाते. आपल्या शाळेतील आनापानसतीबद्दलही हेच म्हणेन. तिने मन स्थिर होते, घाबरलेपण कमी होते. सुजलेली श्वासनलिका तिने उघडत नाही. ती औषधासोबत असावी, औषधाऐवजी नव्हे.

अचानक धाप लागली तर

हे प्रत्येक अधीक्षकाला, शिक्षकाला आणि खोलीतील मोठ्या विद्यार्थ्यांना पाठ असावे.

१. मुलाला सरळ बसवावे, आडवे करू नये. त्याच्याजवळ थांबावे, धीर द्यावा.
२. आराम देणाऱ्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून, एकेक करून द्यावेत. प्रत्येक फवाऱ्यानंतर मुलाने चार वेळा श्वास घ्यावा.
३. चार मिनिटे थांबावे. आराम नसेल तर पुन्हा चार फवारे द्यावेत.
४. तरीही आराम नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा.

मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा मूल गुंगीत जात असेल, तर वाट न पाहता आधी रुग्णवाहिका बोलवावी. छातीतली घरघर थांबली पण मूल थकलेलेच दिसते, तर तो सुधारणेचा भास असू शकतो. हवा आत-बाहेर होणेच मंदावलेले असते.

आपली जबाबदारी

पालकांनी प्रवेशाच्या वेळीच मुलाचा दमा शाळेला सांगावा, तो लपवू नये. डॉक्टरांकडून रोजचे औषध कोणते आणि त्रास वाढल्यास काय करायचे, हे एका कागदावर मराठीत लिहून घ्यावे. एक प्रत अधीक्षकांकडे, एक मुलाच्या पेटीत. पंप कुलूपबंद कपाटात नको. रात्री दोन वाजता किल्ली शोधण्याइतका वेळ नसतो. सहलीला जाताना, मैदानावर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या गर्दीत जातानाही पंप खिशात हवा. शासकीय व अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत श्वसनाच्या या विकाराचाही समावेश आहे. त्या दिवशी रात्री खोकणाऱ्या मुलांची नावे पुढे करावीत. शहरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स येथे बालरोग विभाग आहेत.

आणि अशा मुलाला मैदानातून बाहेर काढू नये. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ हिला लहानपणापासून दमा होता. २००३ मध्ये तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून विश्वविक्रम केला, आणि तो सोळा वर्षे अबाधित राहिला. ज्याचा दमा आटोक्यात आहे, त्याच्यासाठी कोणतेही मैदान बंद नाही.

आमच्या त्या मित्राचे निदान तो कमावता झाल्यावर झाले. आज तो रोज दोन वेळा पंप घेतो आणि रात्रभर झोपतो. "हे तेव्हा कोणी सांगितले असते तर," एवढेच तो एकदा म्हणाला. आज या वसतिगृहाच्या एखाद्या खाटेवर त्याच्यासारखे एखादे मूल पहाटे उठून बसत असेल. त्याच्या खोकल्याकडे कानाडोळा न करणे, हे आपण माजी विद्यार्थी, पालक आणि शिक्षक सर्वांनी मिळून करायचे काम आहे.