भारुडाचेही वाण राखा!



उसाच्या नोंदीसाठी गटागटांत फिरताना सप्ताहाच्या मांडवात आम्ही हमखास टेकतो. तिथे एक गोष्ट खटकते. भजनी मंडळ कुठलेही असो, भारूड म्हटले की 'विंचू' नाहीतर 'बुरगुंडा'! लोक पोटभर हसतात अन् उठून जातात. भारूड म्हणजे एवढेच का?

भारूड हे आपल्या जिल्ह्याचे, पैठणचे धन. संत एकनाथ महाराजांनी १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला समाधी घेतली. त्या नाथषष्ठीला आजही पैठणला दिंड्या जमतात. नाथांच्या नावावर सुमारे तीनशे भारुडे आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी अशी गावातलीच माणसे त्यांत बोलतात.

जाणकार भारुडाचे तीन प्रकार मानतात. भजनी भारूड सर्वांनी टाळ-मृदंगावर गायचे, सोंग नाही. सोंगी भारुडात वेश, अभिनय आणि संवाद येतो. कूट भारूड म्हणजे कोडेच. अर्थ सोडवून सांगावा लागतो.

सोंगी भारुडाची रीत पाहा. भारूडकार सोंग घेऊन पुढे येतो, चरण म्हणतो. टाळकरी धृपद झेलतात. मृदंग थांबला की एखादा टाळकरी भाबडा प्रश्न टाकतो आणि बोलणे रंगते. शेवटी अर्थ उलगडायचा. विंचू म्हणजे काम-क्रोध, त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. हा शेवट गाळला तर नुसती नक्कल उरते.

सिल्लोड तालुक्यातील भारूडकार निरंजन भाकरे (निधन २०२१) यांनी 'बुरगुंडा' गाजवला. पण एक गाजले म्हणून सगळ्यांनी तेच धरावे असे नाही. को ८६०३२ चांगला असला तरी सगळे शिवार त्याच एका जातीने भरू नका, असे आम्ही सांगतो ना? तसेच हे आहे. शब्द पुस्तकात सापडतील. चाल आणि सोंगाची रीत मात्र म्हाताऱ्या टाळकऱ्यांपाशीच आहे. त्यांच्यामागे ती कोण सांगणार?

तेव्हा गळीत बंद झाले की प्रत्येक मंडळाने जुन्या माणसांजवळ बसावे. पोरांना आणि लेकीबाळींनाही सोबत घ्यावे. तिन्ही प्रकारांतले एक-एक नवे भारूड अर्थासकट बसवावे आणि पुढच्या नाथषष्ठीला म्हणावे, ही विनंती.