रातांधळेपणा आणि पालेभाजी

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगाव हे तालुके आहेत. तेथील नारायणगाव व मंचर या बाजारांत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग लागतात आणि तेथून ती भाजी मोठ्या शहरांकडे रवाना होते. या हिरव्या पानांत कॅरोटीन नावाचे पिवळे द्रव्य दडलेले असते. आपले शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते.

डोळ्याच्या आतील पडद्यात एक जांभळट रंगद्रव्य असते. त्याच्या योगाने मंद प्रकाशात दिसते. ते तयार होण्यास 'अ' जीवनसत्त्व आवश्यक असते. त्याचा पुरवठा अपुरा पडला, तर दिवेलागणीच्या सुमारास दिसेनासे होते. यालाच रातांधळेपणा म्हणतात. वेळीच उपचार न झाल्यास डोळे कोरडे पडतात, बुबुळावर व्रण होतात आणि दृष्टी कायमची जाते. गोवर व अतिसार यांच्याशी झुंजण्याची शक्तीही घटते. म्हणूनच १९७० साली भारत सरकारने लहान बालकांना या जीवनसत्त्वाची मात्रा पाजण्याची योजना सुरू केली.

दूध, लोणी व अंडी यांत हे जीवनसत्त्व तयारच असते. परंतु ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी मेथी, शेवग्याचा पाला आणि पश्चिमेकडील डोंगरांत पावसाळ्यात उगवणारी कुरडूची रानभाजी आहे. भाजीला थोडे तेल घालावे. कारण स्निग्ध पदार्थांबरोबरच कॅरोटीन अंगी लागते.

बाजारात जुड्या अवश्य पाठवाव्यात. पण त्यांतील एक घरच्या मुलांसाठी राखून ठेवावी.